साठीनंतर जोडीने लोकसंगीत शिकायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

मी पोस्टातून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी हे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून. गाण्याचं शिक्षण दोघांनाही नव्हतं. माझ्या कानात फलटणकडच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या आणि यांच्या घरी कुळाचाराला गोंधळ घालायची रीत. एवढ्या शिदोरीवर आम्ही सुरुवात केली. आज ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ या भागात आम्ही दोघं गवळणी, भारुडं आणि ओव्यांचे छोटे कार्यक्रम करतो.

कार्यक्रम झाला की एखादं जोडपं हमखास जवळ येतं. बाई विचारतात, "आम्हालाही जमेल का हो?" जमतं. पण आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी वाद्य घेतलं, मग गाणी निवडली, मग गुरू शोधला आणि सगळ्यात शेवटी कळलं की आपली पट्टी, म्हणजे गळ्याला मानवणारा सूर, कोणती. त्यात दीड वर्ष गेलं. साठीनंतरचं दीड वर्ष फार मोठं असतं, ते तुमचं जाऊ नये म्हणून सरळ क्रम इथे मांडते.

१. सगळ्यात आधी: कोण काय धरणार ते ठरवा

जोडप्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की दोघांनी एकच गोष्ट शिकू नका. दोघंही गायला लागले किंवा दोघंही ढोलकीच्या क्लासला बसले, की महिन्याभरात एक पुढे जातो, दुसरा मागे राहतो, आणि मागे राहिलेला हळूच सोडून देतो. आमच्या बरोबर सुरू केलेल्या दोन जोड्यांचं असंच झालं.

एकाने सूर धरावा, दुसऱ्याने ताल. लोकसंगीताची बांधणीच मुळात अशी आहे. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतो, गोंधळात संबळाला तुणतुण्याची जोड असते, भारुडात एक सोंग घेऊन बोलतो आणि दुसरा मध्येच विचारतो, "अगं, पण झालं काय?" ही दुसरी जागा दुय्यम नाही. झील धरणारा ओळ उचलून परत म्हणतो तेवढ्यात मुख्य गाणाऱ्याला दम घेता येतो आणि पुढचं कडवं आठवतं. तरुणपणी याचं मोल कळत नाही. साठीला शब्द ऐन वेळी निसटतात, तेव्हा कळतं.

आमच्यात मी गाते, हे दिमडी (एका बाजूने मढवलेलं, डफासारखं छोटं वाद्य) वाजवतात आणि झील धरतात. तुमच्यात उलट असेल. महिनाभर दोन्ही करून बघा, मग ठरवा. आणि एकदा ठरलं की निदान वर्षभर बदलू नका.

२. काय गायचं ते निवडा

"लोकसंगीत" म्हणजे एक गोष्ट नाही. आमच्या वयाच्या नवख्यांना जे पेलतं ते असं:

भारूड: संत एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेली भारुडं आजही खेड्यापाड्यांत होतात. जोशी, वासुदेव, सासुरवाशीण अशी रोजच्या ओळखीची माणसं घेऊन नाथ मोठी गोष्ट सांगतात. चाली सोप्या, पल्ला लहान आणि संवादाला भरपूर जागा, म्हणून जोडीला हा प्रकार सगळ्यात मानवतो. फक्त उभं राहून, हावभाव करत करावं लागतं. गुडघ्यांचा विचार करा.

ओवी: साथीला काहीही नसलं तरी चालतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर मराठीत वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. प्रत्येक ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. तिथून एखादी ओवी घेतलीत तर म्हणण्याआधी ते नाव घ्या. आम्ही घेतो.

गवळण आणि भजन: ठाण्यात शिकायला सगळ्यात सोयीचं, कारण भजनी मंडळं गल्लोगल्ली आहेत.

पोवाडा: छातीत दम आणि आवाजात धार लागते. साठीनंतर नव्याने सुरू करायचा झाला तर आधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः रक्तदाब असेल तर.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. काही प्रकार निव्वळ गाणी नाहीत, ते विधी आहेत. गोंधळ गोंधळी घालतात, खंडोबाचं जागरण वाघ्या-मुरळी करतात. त्या घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी त्यावर चालत आली आहे. त्यांच्याकडून जरूर शिका, त्यांची पदं सन्मानाने म्हणा, पण कुणी "लग्नाचा गोंधळ तुम्हीच घाला" म्हणालं तर नाही म्हणा आणि गोंधळ्यांचा नंबर द्या.

आपल्याच भागातलं उदाहरण देते. ठाणे आणि नवी मुंबईच्या मूळ गावांत आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवले गाते. लग्नाचे विधी त्या गाण्यांवर पुढे सरकतात. ऐरोलीजवळच्या एका गावात मी अशा एका आजींकडे बसले होते. कोयता खाली ठेवून त्यांनी मला पाच धवले म्हणून दाखवले, वहीत उतरवून घेऊ दिले. मी विचारलं, "मावशी, कार्यक्रमात म्हणू का?" त्या म्हणाल्या, "लिव, वाच, नातीला शिकव. मायकवर नको." ती वही माझ्याकडे आहे. मी ते धवले स्टेजवर कधी म्हटले नाहीत.

हक्कांचं थोडक्यात: संतांच्या रचना आणि पारंपरिक गाणी कुणाच्या मालकीची नाहीत. पण संतांच्या शब्दांना एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या रचनेवर हक्क राहतो. अण्णा भाऊ साठे आणि शाहीर अमर शेख दोघेही १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क अजून चालू आहे. तिकीट लावून किंवा मानधन घेऊन कार्यक्रम करणार असाल तर आधी परवानगीचं बघा. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे.

३. पट्टी शोधा

याला वेळ द्या. आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या स्वरावर बसतो ते. काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, पांढरी चार म्हणजे चौथी पांढरी, असं मोजतात. पुरुषांचा साधारण काळी एक किंवा काळी दोनला बसतो, बायकांचा काळी चार किंवा काळी पाचला. म्हणजे एकाच घरातल्या दोन माणसांत जवळपास पंचमाचं अंतर. त्याचा पंचम (प) तो तिचा षड्ज (सा). जोडीने गाताना एकजण ओढून गातो किंवा दुसरा खर्जात पुटपुटतो, त्याचं कारण हेच.

शिवाय वयाबरोबर पट्टी बदलते. पाळी थांबल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. पुरुषांचा उतारवयात उलट थोडा वर सरकू शकतो. मी कॉलेजात काळी पाचला गात असे आणि तीच पट्टी धरून बसले होते. दोन गाणी झाली की घसा धरायचा. पुढे ज्यांच्याकडे शिकलो त्या बुवांनी पहिल्याच दिवशी पेटीचा भाता थांबवला आणि म्हणाले, "वहिनी, पट्टी खाली घ्या. गाणं खाली नाही जाणार." पांढरी चारला सा लावला. तेव्हा जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला ओळखायला क्षणभर लागला.

घरी शोधायचं असेल तर असं करा:

संध्याकाळी बसा. सकाळी उठल्यावर आवाज मुळातच खाली असतो, तेव्हा काढलेली पट्टी फसवते. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या. जे गाणं म्हणायचं आहे त्यातली सगळ्यात वरची ओळ आणि सगळ्यात खालची ओळ, एवढ्या दोनच घ्या. काळी एकपासून एकेक स्वर वर सरकत जा. वरची ओळ मान न ताणता आणि खालची ओळ शब्द न गिळता म्हणता येते ती तुमची पट्टी. असं तीन दिवस करा आणि तिन्ही दिवशी वहीत लिहा.

दोघांच्या पट्ट्या वेगळ्या निघाल्या तर घाबरू नका. आमच्या दोन आहेत. मी म्हणते ती गाणी पांढरी चारला. यांचा गळा काळी दोनचा, पण झीलेपुरतं ते वर येतात. दोन-तीन भारुडं हे पुढे होऊन म्हणतात, तेव्हा आम्ही काळी दोनला उतरतो आणि मी झील धरते. लोकगीतांचा पल्ला बहुधा पाच-सहा स्वरांचाच असतो, म्हणून हे जमून जातं. कार्यक्रमात पट्टी एकदाच बदला. सगळी यांची गाणी एका टप्प्यात ठेवा. दर गाण्याला पट्टी बदलली की ऐकणाऱ्यांचे कान बसत नाहीत आणि तुमचेही.

४. मग वाद्य घ्या

पट्टीच्या आधी वाद्य घेऊ नका असं मी का म्हणते ते सांगते. ढोलकी पट्टीची असते. तिची शाईची (काळा लेप असलेली) बाजू गाणाऱ्याच्या सा ला लावतात आणि तिला एखादा स्वर फार तर वरखाली करता येतं. आम्ही ऑनलाइन मागवलेली ढोलकी होती काळी पाचची. पांढरी चारला उतरवली की पुडी (वाजवायचं मढवलेलं कातडं) सैल पडून भदभद वाजायची. परत घेणार नाही असं विक्रेत्याने कळवलं. ती ढोलकी आता भाच्याकडे आहे.

नवख्यांसाठी माझी यादी:

टाळ आणि चिपळ्या: इथून सुरुवात करा. टाळ वाजवून बघून, कानाशी धरून घ्या. दोन्ही वाट्यांचा नाद जुळला पाहिजे. बंद खोलीत तासन्‌तास कानाजवळ वाजवू नका. आपल्या वयाला कान जपायचे असतात.

तुणतुणं: एकच तार. सा ला लावायची आणि लयीत छेडायची. ज्याला वाटतं की "मला काहीच येत नाही", त्याच्या हातात हे द्या. एकाच वेळी सूर आणि लय दोन्ही अंगात मुरतात.

दिमडी: हलकी, पिशवीत मावते, पट्टीची भानगड नाही. पण एक जपा. पूर्वी दिमडी-खंजिरीला घोरपडीचं कातडं मढवत. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि असं वाद्य विकणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे. कुणी "अस्सल घोरपडीची आहे" म्हणून दाखवली तर तिथून निघा. बकरीच्या कातड्याची किंवा फायबरच्या पुडीची घ्या.

संबळ: यांचं मन संबळावर होतं. नाद असा की अंगावर काटा येतो. पण कंबरेला बांधून, उभं राहून, दोन काठ्यांनी वाजवायचं असतं आणि त्याचं ओझं मणक्यावर येतं. यांना कंबरदुखी आहे. आम्ही सहा महिने थांबलो, मग बसून स्टँडवर शिकायला सुरुवात केली, तेही एका गोंधळी काकांच्या हाताखाली.

पेटी: दोघांच्या पट्ट्या वेगळ्या असतील आणि वाजवणारा नवखा असेल तर स्केल चेंजर (पट्टी सरकवून बदलता येणाऱ्या) पेटीचा उपयोग होतो, पण ती जड असते. रिक्षा, जिने, लिफ्ट बंद पडणं हे सगळं डोळ्यांपुढे आणा.

आता पावसाचं. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते आणि गणपतीचे कार्यक्रम नेमके त्यातच येतात. कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. दिमडी कपड्यात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. वाजवण्याआधी पिवळ्या बल्बसमोर हातभर अंतरावर धरून फिरवत शेका आणि बोटाने टिचकी मारत ऐका. हे स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर धरायला गेले आणि काठाशी पुडी तडकली. शेगडी नको. पावसाळ्यात फायबरच्या पुडीची दुसरी दिमडी बरोबर ठेवतो. नाद तितका गोड नाही, पण दगा देत नाही. एप्रिल-मे महिन्यात उलटं होतं, कातडं ताणून कर्कश वाजतं, तेव्हा मागच्या बाजूने ओला हात फिरवायचा.

५. गुरू कुठे शोधायचा

आधी आपल्या आसपास बघा. ठाण्यात सातारा, सांगली, कोकण, खानदेश अशा सगळ्या मुलखांतून कामाला आलेली माणसं वसली आहेत आणि प्रत्येकाने आपलं गाणं बरोबर आणलं आहे. लोकमान्य नगर, वर्तक नगर, कळवा इकडे एकादशीच्या संध्याकाळी फिरा. पखवाजाचा आवाज आला की त्या दिशेने जा. मंडळी "या, बसा" म्हणतातच. महिनाभर नुसतं मागे बसून टाळ वाजवा आणि मगच शिकवायचं विचारा. आमचे बुवा आम्हाला असेच मिळाले. गिरणीत काम केलेले, पंचाहत्तरीचे. यांची लय चढली की ते काही बोलत नाहीत, यांच्या गुडघ्यावर तळवा ठेवतात आणि तिथेच ठेका देत राहतात, लय जागेवर येईपर्यंत.

पद्धतशीर शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात लोककला अकादमी आहे. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत होणाऱ्या शिबिरांवरही लक्ष ठेवा. शब्द आणि संदर्भ हवे असतील तर १८९३ साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. नाथांची गाथा आणि लोकगीतांचे जुने संग्रह वाचायला तिथे दुपार काढा.

नुसत्या व्हिडिओवरून शिकू नका. पुष्कळ जण मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःचं चित्रण करतात, त्यात डावं-उजवं उलटं दिसू शकतं. यांनी तीन आठवडे एक बोल उलट्या हाताने घोटला होता. तो सोडवायला दोन महिने लागले.

गुरूंना सुरुवातीलाच तीन गोष्टी स्पष्ट विचारा: फी महिन्याची की बैठकीची, दोघांना एकत्र शिकवाल की वेगवेगळं, आणि आम्ही कार्यक्रम केले तर तुमची हरकत नाही ना? तिसरा प्रश्न पुष्कळ जण विसरतात आणि नंतर मनं दुखावतात.

६. घरातला रियाज

रोज चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. वीस मिनिटं वेगवेगळ्या खोल्यांत, वीस मिनिटं एकत्र.

आमचा एक कडक नियम आहे: घरात कुणी कुणाचा गुरू व्हायचं नाही. पहिल्या वर्षी मी यांना सारखी टोकत होते, "लय चढली, लय चढली." एके दिवशी दिमडी खुंटीला लागली ती अकरा दिवस तिथेच होती. त्यानंतर फ्रिजवर एक वही लटकवली. दुसऱ्याची चूक दिसली तर तोंडाने बोलायचं नाही, वहीत एक ओळ लिहायची आणि शनिवारी बुवांपुढे वाचायची. बुवा सांगतील ते खरं. अर्ध्याअधिक ओळी शनिवारपर्यंत आपोआपच खोडल्या जातात. जोडीने शिकणाऱ्यांना ही वही मी आग्रहाने सांगते.

ताल अंगात आणायला चाला. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी ना. एका पावलाला एक मात्रा आणि पहिलं पाऊल, उजवं, समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं. उपवन तलावाच्या कडेने आम्ही रोज सकाळी हे करायचो, आधी मोठ्याने म्हणत, मग मनात. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. त्यात सम दर फेरीला उजव्याच पायावर येते. मधला चौथ्या मात्रेचा धा मात्र डाव्या पायावर पडतो आणि नवख्याला तिथेच समेचा भास होतो. तो नीट समजून घ्या.

फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करा. शेजारच्या घरांत एकदा सांगून ठेवा आणि संध्याकाळी सातच्या सुमाराची एकच वेळ पाळा. दिमडीचा बोटांचा सराव उशीवर होतो. मोकळ्या जागेच्या मोहाने येऊरला वाजवायला जाऊ नका. ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, तिथे प्राण्यांना शांतता हवी.

रक्तदाबाच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा की मी गाते. कवळी नवी असेल तर तिच्यासकट महिनाभर मोठ्याने वाचन करा, स आणि च नीट निघेपर्यंत. श्रवणयंत्र असेल तर माईकजवळ शिट्टी मारतं का ते आधी तपासा.

७. पहिला कार्यक्रम

निदान एक वर्ष थांबा. पहिला कार्यक्रम सोसायटीत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात करा, वीस-पंचवीस मिनिटांचा. एक गण (गणपतीचं नमन), दोन-तीन ओव्या, एक गवळण, एक भारूड. बास. हळदीकुंकू, कोजागरी, सत्यनारायणाची पूजा ही चांगली ठिकाणं, कारण माणसं ओळखीची असतात आणि चूक पोटात घालतात. हात बसला की गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, नवरात्र, आषाढी एकादशी असं पुढे सरका. गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह मनात असू द्या, पण घाई नको.

शब्द पाठ हवेत. तरीही मोठ्या ठळक अक्षरात प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्द लिहिलेली वही समोर ठेवा. मोबाईल नको. स्क्रीन बंद होते, फोन येतो.

माईक तोंडापासून चार बोटं. टाळाला माईक नको, तो मुळातच पोचतो. साउंडवाल्या दादांना आधीच सांगा: एको कमी, दिमडीचा माईक वेगळा, आणि आम्हाला आमचा आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर आमच्याकडे तोंड करून.

वेळेचं पक्कं विचारून घ्या. एका मंडळाने आम्हाला नवरात्रात साडेआठला बोलावलं. आम्ही साडेसातला हजर. भाषणं, सत्कार, बक्षिसं होत होत पावणेदहा झाले. मी नऊवारी नेसून, हे फेटा बांधून मांडवामागे खुर्चीवर. एक ओवी झाली आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वर्षातले सरकारने जाहीर केलेले मोजके दिवस सोडून. त्या दिवशी तशी सूट नव्हती. येण्याजाण्याचा खर्चही मिळाला नाही. तेव्हापासून आयोजकांना आम्ही तीन गोष्टी लेखी विचारतो: आमची वेळ किती ते किती, पोलिसांची ध्वनिक्षेपकाची परवानगी घेतली आहे का, आणि मानधन किंवा प्रवासखर्च कधी देणार. व्हॉट्सॲपवर "हो" आलं तरी पुरे.

८. कागदपत्रं आणि पैसे

एका फाईलमध्ये ठेवा: दोघांची आधार आणि पॅनची प्रत, रद्द केलेला चेक, पासपोर्ट आकाराचे फोटो, अर्ध्या पानाचा परिचय, गाण्यांची यादी (कुणाची रचना, किती मिनिटं). झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका आणि कात्रणं तारीख घालून लावत जा. पुढे कुठे अर्ज करायचा झाला तर हाच पुरावा. मानधनातून टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

दोघंच असाल तर संस्था नोंदवायची गरज नाही. नोंदणीला सात सभासद लागतात आणि नंतर दर वर्षी हिशेब सादर करावा लागतो.

तीन फसवणुकींपासून जपा. पहिली, "तुमची महोत्सवात निवड झाली आहे, नोंदणी फी भरा." जो बोलावतो तो पैसे देतो, मागत नाही. दुसरी, पैसे घेऊन दिलेले पुरस्कार. तिसरी, कलावंत मानधनाचे दलाल. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांसाठीची मानधन योजना आहे, पण ती किमान १५ वर्षं कलेची सेवा केलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंतांसाठी आहे. आपण आत्ताच सुरुवात केली आहे. "तुमचं करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून एखाद्या गरजू कलावंताच्या ताटातलं ओढू नका. उलट तुमच्या बुवांचा किंवा गोंधळी काकांचा अर्ज झाला आहे का ते विचारा आणि नसेल तर कागद जमवायला मदत करा. आम्ही बुवांचा भरला. पंचावन्न वर्षांच्या जुन्या पत्रिका त्यांच्या ट्रंकेत होत्या, त्या तारखेने लावायला आम्हाला चार रविवार लागले.

पेटीसारखं मोठं वाद्य लोकलने न्यायचं झालं तर लगेजच्या डब्यातून न्या आणि गर्दीची वेळ टाळा. गावाकडे, पंढरपूर-जेजुरीला एसटीने जात असाल तर बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. आधार जवळ ठेवा.

९. कार्यक्रमाची पिशवी

दारामागे ही पिशवी कायम भरलेली असते:

टाळ, चिपळ्या, दोन दिमड्या (एक कातड्याची, एक फायबरची), तुणतुण्याची जादा तार. कोरडा सुती पंचा आणि पावसाळ्यात प्लास्टिकची मोठी पिशवी. चार्ज केलेला मोबाईल, तानपुऱ्याच्या ॲपसाठी. शब्दांची वही आणि चष्मा, दोघांचे वेगळे. कोमट पाण्याचा थर्मास, खडीसाखर. रात्रीच्या गोळ्या डबीत, कारण कार्यक्रम लांबतोच. गुडघ्याचे पट्टे. पदराला आणि फेट्याला सेफ्टी पिना, निदान दहा. साठ वॅटचा पिवळा बल्ब, होल्डर आणि लांब वायर, दिमडी शेकायला. मांडवात पोचलो की हे आधी प्लगची जागा विचारून घेतात.